वाळवंटातला पूर आणि समुद्राची परात

"अगं आई, वाळवंटात कसला पूर येतोय?" असं मी जून २००७ मध्ये फोनवर हसत हसत म्हणालो होतो. तिने टीव्हीवर 'गोनू' चक्रीवादळाची बातमी पाहिली होती आणि तिचा जीव वरखाली होत होता. मी तेव्हा फुजैराच्या बाजूला एका रस्त्याच्या कामावर होतो. आमच्या केज तालुक्यात पाऊस म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. इथे तीन वर्षांत छत्री म्हणून विकत घेतली नव्हती. वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडणारा हा देश, इथे चक्रीवादळ येऊन येऊन करणार काय?

दुसऱ्या दिवशी समुद्र किनाऱ्यावरच्या रस्त्यावर आला. शेजारच्या कलबामधून माणसं हलवावी लागली, फुजैराचं बंदर बंद झालं. आणि आम्ही तसे सुटलोच म्हणायचं. गोनूचा खरा तडाखा बसला ओमानला. ४ जूनला भर समुद्रात त्याचा वारा ताशी २४० किलोमीटरपर्यंत गेला होता. अरबी समुद्रात एवढं मोठं वादळ नोंदींमध्ये त्याआधी नव्हतं. रास अल हद्दच्या टोकाशी पोचेपर्यंत ते बरंच उतरलं होतं, पण ओमानच्या डोंगरात ६१० मिलिमीटर पाऊस पडला आणि मस्कतमधल्या कोरड्या ठणठणीत वाड्या नद्या होऊन वाहिल्या. (आपल्याकडे वाडी म्हणजे वस्ती, इथे वाडी म्हणजे कोरडी नदी. ज्यांनी दोन्ही अर्थ एकत्र केले आणि वाडीत वाडी वसवली, त्यांचे हाल झाले!) ओमानमध्ये पन्नासच्या आसपास माणसं गेली.

आमच्या साइटवरचा एक म्हातारा ओमानी वॉचमन मात्र फारसा चकित झाला नव्हता. तो म्हणाला, माझे आजोबा सांगायचे, त्यांच्या वडिलांच्या वेळी असंच पाणी आलं होतं. मी तेव्हा मान हलवली आणि विसरून गेलो. पुढे बऱ्याच वर्षांनी वाचलं की जून १८९० मध्ये खरोखरच एक चक्रीवादळ ओमानच्या आखातात शिरलं होतं. मस्कतमध्ये एका दिवसात २८६ मिलिमीटर पाऊस झाला होता आणि सातशेहून जास्त माणसं बुडाली होती. म्हाताऱ्याचा हिशेब बरोबर होता. माझा चुकला होता.

आता माझा हिशेब काय होता ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

रस्ता वाडी ओलांडतो तिथे खालून पाणी जायला मोरी ठेवावी लागते. ती केवढी ठेवायची ते 'पन्नास वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसा'वरून ठरतं. ऐकायला हे फार भक्कम वाटतं. पण त्याचा अर्थ एवढाच की तेवढा पाऊस कुठल्याही एका वर्षी पडण्याची शक्यता शंभरात दोन. पन्नास वर्षं थांबलात तर तो एकदा तरी गाठण्याची शक्यता ६४ टक्के! आणि हा आकडा काढायला माझ्या हातात नोंदी होत्या जेमतेम पंचवीस वर्षांच्या. त्यातही आम्ही इंजिनीयर लोक एक गोष्ट मनातल्या मनात गृहीत धरतो, की दरवर्षी तोच फासा नव्याने टाकला जातो. गेल्या वर्षीच्या दानाचा यंदाच्या दानाशी संबंध नाही. मीही तेच धरलं, आकडा काढला, सही केली.

फासा दरवर्षी तोच नसतो, हे मला समुद्राने शिकवलं. आणि गंमत म्हणजे ही गोष्ट शोधली गेली ती बरीचशी आपल्याच दारात.

पुणेकर मंडळींना शिवाजीनगरचं सिमला ऑफिस ठाऊक असेलच. पुण्यात सिमला कुठून आलं, असा प्रश्न मला कॉलेजात पडायचा, पण पीएमटी पकडायच्या घाईत तो तिथेच राहायचा. हवामान खात्याचं मुख्यालय आधी सिमल्याला होतं, ते १९२८ मध्ये पुण्याला आलं आणि येताना नावही घेऊन आलं. खातं निघालं १८७५ मध्ये. लगेच १८७६ ते ७८ चा भयंकर दुष्काळ पडला, दख्खन होरपळून निघाला. मग १८९९ मध्ये पाऊस पुन्हा दगा देऊन गेला. त्या वर्षीचा अंदाज साफ चुकला होता. सरकारला आता असा माणूस हवा होता जो पावसाचं गणित मांडील. १९०४ मध्ये आले गिल्बर्ट वॉकर. हा केंब्रिजचा गणिती, हवामानशास्त्राशी संबंध जवळजवळ शून्य, बूमरँग कसं उडतं यावर मात्र अधिकारवाणीने बोलणारा. त्यांनी कारकुनांना बसवून जगभरचे हवेच्या दाबाचे, तापमानाचे, पावसाचे आकडे हाताने एकमेकांशी ताडून पाहायला लावले. वर्षानुवर्षं. त्यातून दिसलं ते असं, की प्रशांत महासागरावर दाब वाढला की हिंदी महासागरावर उतरतो, आणि उलट. लहान मुलांच्या सी-सॉसारखं. १९२४ मध्ये त्यांनी त्याला 'सदर्न ऑसिलेशन' नाव दिलं. त्याचा पेरूच्या किनाऱ्यावरच्या एल निनोशी, म्हणजे समुद्राच्या तापण्याशी, मेळ बसवायला मात्र १९६० चं दशक उजाडावं लागलं. ते काम याकोब ब्यर्कनेस यांनी केलं. १८७७ आणि १८९९ ही दोन्ही एल निनोचीच वर्षं होती, हे आपल्याला मागाहून कळलं. आपल्या पणजोबांच्या पोटात जे कालवलं गेलं, त्याचं मूळ पेरूच्या समुद्रात होतं!

पण हिंदी महासागर काय फक्त प्रशांतच्या तालावर नाचतो? बराच काळ असंच समजत होते. १९९९ मध्ये साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता या चौघांनी दाखवून दिलं की त्याची स्वतःचीही एक चाल आहे. (यातले गोस्वामी पुढे पुण्यातच, पाषाणच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे संचालक झाले.) तिला म्हणतात हिंदी महासागराची द्विध्रुवता, इंग्रजी वळणाने इंडियन ओशन डायपोल.

हे समजायला एक परात घ्या. तीत पाणी भरा आणि पूर्वेकडची कड जराशी उचला. पाणी पश्चिमेकडे जमा होतं. विषुववृत्तावर पूर्वेकडून वारे जोर करतात तेव्हा समुद्राचं तसंच होतं. वरचं कोमट पाणी आफ्रिका-अरबस्तानच्या बाजूला ढकललं जातं आणि तिकडे सुमात्रा-जावाजवळ खालचं गार पाणी वर येतं. ही झाली 'धन' द्विध्रुवता. वारे फिरले की परात उलटी कलते, ती 'ऋण'. दर काही वर्षांनी हे होतं, साधारण उन्हाळ्याच्या शेवटी सुरू होऊन डिसेंबरपर्यंत विरतं.

यात वादळाला काय मिळतं? दोन गोष्टी मिळतात. एक म्हणजे वाफ. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि वादळाचा पाऊस म्हणजे शेवटी हीच वाफ. दुसरी गोष्ट जरा आतली आहे. चक्रीवादळ समुद्र घुसळतं. घुसळल्यावर खालून गार पाणी वर आलं की वादळाची चूल आपोआप मंदावते. पण पश्चिमेला कोमट पाण्याचा थर जाड झालेला असेल, तर कितीही घुसळा, वर कोमटच येतं. चूल पेटलेलीच राहते.

तुम्ही म्हणाल, मग भर पावसाळ्यात अरबी समुद्रात वादळं का होत नाहीत? कारण चक्रीवादळ म्हणजे उतरंड असते. पावसाळ्यात खालचे वारे नैऋत्येकडून आणि वरचे जोरात पूर्वेकडून. खालचं मडकं एकीकडे ओढलं आणि वरचं दुसरीकडे, की उतरंड कोसळते. शिवाय ओमान-सोमालियाच्या किनाऱ्याला तेव्हा गार पाणी वर आलेलं असतं. म्हणून इथली वादळं मे-जूनमध्ये आणि मग ऑक्टोबर ते डिसेंबर. हे इथल्या जुन्या नाविकांना तोंडपाठ होतं. पंधराव्या शतकातला प्रसिद्ध नाखवा इब्न माजिद हा जुल्फारचा, म्हणजे आजच्या रास अल खैमाजवळचा. कुठल्या ताऱ्यावर कुठली वाट धरायची याचं पुस्तकच त्याने लिहून ठेवलंय. सफरीच्या ठरलेल्या काळाला अरबीत 'मौसिम' म्हणतात. आपला मोसम तोच आणि इंग्रजांचा मान्सूनही तोच. आपले कोळी नारळी पौर्णिमेची वाट बघतात ती याच हिशेबाने.

आता परातीचा खेळ प्रत्यक्षात कसा दिसला ते पाहू.

२०१५ मध्ये प्रशांतमध्ये प्रचंड एल निनो होता आणि इकडे परात पश्चिमेला कललेली. त्या नोव्हेंबरात 'चपाला' नावाचं वादळ येमेनच्या मुकल्लाजवळ धडकलं, आणि आठवडा होतो न होतो तोच 'मेघ' सोकोत्रा बेटावर. जिथे वर्षाला मूठभर पाऊस, तिथे काही वर्षांचा पाऊस दोन दिवसांत.

२०१९ ला तर परात इतकी कलली की मोजमाप सुरू झाल्यापासूनच्या सर्वांत मोठ्या घटनांत तिची गणना होते. पूर्वेकडे ऑस्ट्रेलियात वणवे पेटले, पश्चिमेला केनिया-सोमालियात पूर आले. आणि अरबी समुद्रात, जिथे सरासरीने वर्षाला एखादं वादळ होतं, तिथे पाच झाली. वायू, हिक्का, क्यार, महा आणि पवन. क्यार आणि महा तर एकाच वेळी समुद्रात होती. क्यार गोनूनंतरचं पहिलं महाचक्रीवादळ. त्याच्या लाटांनी कलबाच्या गल्ल्यांत पाणी शिरलं. पण यूएईत त्याचा पाऊस? जवळजवळ नाहीच. ते समुद्रातच फिरून फिरून मेलं. याच पावसाळी हंगामाच्या शेवटी आपल्याकडे कापूस-सोयाबीन उभ्या शेतात कुजलं, ते शेतकरी मंडळी विसरली नसतील.

पण थांबा. इथवर वाचून कुणाला वाटेल की परात पश्चिमेला कलली की पूर, पूर्वेला कलली की निवांत झोपा. मलाही काही काळ तसंच वाटत होतं. मग आलं २०२१.

२६ सप्टेंबर २०२१ ला 'गुलाब' नावाचं वादळ आंध्रच्या किनाऱ्यावर आलं. जमिनीवर आलं की वादळ मरतं, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य. हे मात्र मरता मरता मराठवाड्यावर आलं आणि दोन दिवस कोसळलं. मांजरेला पूर आला, धरणाचे दरवाजे उघडावे लागले. आमच्या अण्णांचं काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली. फोनवर अण्णा एवढंच म्हणाले, "राहू दे, तू काय करणार तिथून." त्या वाक्यावर परदेशात बसलेल्या मुलाने काय बोलायचं असतं ते मला अजून सापडलेलं नाही.

तेच वाऱ्याचं भोवरं गुजरातवरून अरबी समुद्रात उतरलं, तापलेलं पाणी मिळाल्यावर पुन्हा उभं राहिलं, आणि नव्या समुद्रातलं म्हणून नवं नाव मिळालं, 'शाहीन'. म्हणजे ससाणा. गुलाबाचा ससाणा झाला आणि आमच्या शेतावरून उडून माझ्या दारात आला! ३ ऑक्टोबरला ते ओमानच्या उत्तर किनाऱ्यावर धडकलं. १८९० नंतर तिथे चक्रीवादळ आलंच नव्हतं. अल खाबूराला ३६९ मिलिमीटर पाऊस झाला. इकडे अल ऐनमध्ये सगळी तयारी करून लोक बसले होते, पण हजर पर्वत ओलांडता ओलांडता, वाळवंटाची कोरडी हवा पोटात जाऊन ससाण्याचा जीव गेला.

आता बघा, २०२१ ला परात पश्चिमेला कललेली नव्हतीच. प्रशांतमध्ये ला निना होती. वाऱ्याच्या जोरात शाहीन क्यारच्या पासंगालाही पुरलं नसतं. पण पाऊस? क्यारने दिला नाही तो याने दिला. म्हणजे वाऱ्याचा जोर आणि पाऊस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाऊस ठरतो तो वाफ किती, वादळ किती सावकाश चालतंय आणि समोर डोंगर आहे का, यावर. हजर पर्वत इथे आपल्या सह्याद्रीचं काम करतो. अडवतो आणि पिळून घेतो.

पुढच्या वर्षी, २०२२ मध्ये, परात पूर्वेला चांगलीच कलली होती, ला निना सलग तिसऱ्या वर्षी मुक्कामाला. अशा वर्षी आपला मान्सून जोरात असतो. तो एवढा जोरात होता की पाकिस्तान बुडालं, आणि त्याचंच एक टोक २७-२८ जुलैला फुजैरावर आलं. चक्रीवादळ नव्हतं, नाव नव्हतं, टीव्हीवर गोल फिरणारं चित्र नव्हतं. फुजैरा बंदरावर दोन दिवसांत २५५ मिलिमीटर. सात माणसं गेली, सगळी आपल्यासारखी आशियातून पोटासाठी आलेली.

मी तोवर दुबईला राहायला आलो होतो. शनिवारी गाडी काढून माझी जुनी मोरी बघायला गेलो. उभी होती. पण पाणी तिच्यात मावलं नव्हतं, वरून गेलं होतं, आणि रस्त्याची एक बाजू खाऊन गेलं होतं. तिथे कुणाला इजा झाली नव्हती, हे विचारून खात्री करून घेतली. तरी बराच वेळ तिथे उभा राहिलो. सही माझीच होती ना.

माझी चूक बेरीज-वजाबाकीची नव्हती. माझ्या पंचवीस वर्षांत फासे सगळ्या प्रकारचे पडलेच नव्हते. समुद्राची ही चक्रं वेगवेगळ्या लांबीची आहेत. एल निनो दोन ते सात वर्षांनी. प्रशांत महासागराचं एक संथ चक्र आहे, वीस-तीस वर्षं एका अंगावर झोपून मग कूस बदलणारं. त्याचं नाव पडलं १९९० च्या दशकात, अलास्काकडच्या साल्मन माशांच्या पकडीचा अभ्यास करताना. पंचवीस वर्षांच्या वहीत असलं चक्र जेमतेम अर्धं मावतं. आणि त्याहून जुन्या नोंदी? सुमात्राजवळच्या प्रवाळांचे थर वाचून शास्त्रज्ञांनी परातीचा शेकडो वर्षांचा इतिहास काढलाय. त्यात १६७५ मध्ये एक अशी घटना सापडली की आपण यंत्रांनी मोजलेली एकही तिच्याजवळ पोचत नाही. आग्र्याहून सुटून शिवाजी महाराज राज्याभिषेक करून बसले होते, त्याच्या पुढच्याच वर्षी समुद्र इतका कलला होता. पंचवीस वर्षांची माझी वही काय घेऊन बसलात!

त्यात आता परातीखाली जाळ लागला आहे. अरबी समुद्र गेल्या काही दशकांत एकूणच तापलाय. पुण्याच्याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मोजलं, तर १९८२ ते २००० च्या मानाने २००१ ते २०१९ मध्ये इथली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढलेली. आपण निसर्ग (२०२०) आणि तौक्ते (२०२१) पाहिलीच. यात तापमानवाढ किती आणि चक्र किती, हा हिशेब सोपा नाही. कारण एका वर्षात पाच वादळं हे १९०२ मध्येही झालं होतं, आणि तेव्हा मोटारी कुठे होत्या? पण माझ्यासारख्याला फरक कशाने पडतो? चक्र पूर्वीसारखंच वर-खाली होणार, फक्त आता ते एक पायरी वरून होणार. पूर्वीचा मध्यम पूर तो उद्याचा नेहमीचा.

१६ एप्रिल २०२४ तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. तेही चक्रीवादळ नव्हतं, एल निनोच्या वर्षातला पाऊस होता. अल ऐनजवळ खत्म अल शक्ला इथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर, १९४९ पासूनच्या नोंदींत सर्वांत जास्त. आपल्याकडून मला वीसजणांनी एकच प्रश्न विचारला, "ढगात मीठ फवारून पाऊस पाडला म्हणे?" मंडळी, इथल्या हवामान खात्याने स्पष्ट सांगितलं की त्या वादळात बीजारोपणाची विमानं उडालीच नव्हती. आणि उडाली असती तरी एवढं पाणी मिठाच्या पुडीतून येत नाही. ते समुद्रातून येतं. दोन महिन्यांनी दुबईने ३० अब्ज दिरहमची पाणी निचऱ्याची योजना जाहीर केली, २०३३ पर्यंत पुरी करायची म्हणून. एका पावसाने केवढं शहाणपण आलं!

मी सध्या काय करतो? मोरीचा आकडा काढताना शेवटी एक रकाना जास्त लिहितो. या नोंदींत एल निनोची वर्षं किती, धन द्विध्रुवता किती, ऋण किती, आणि १८९० सारखं काही धरलं तर काय होईल. वरचे साहेब विचारतात, हे कशाला, खर्च वाढतो. मग मी त्यांना माझ्या जुन्या मोरीचा फोटो दाखवतो. कधी ऐकतात, कधी नाही.

आईचा फोन अजूनही येतो, ढग दिसला की. हल्ली मी हसत नाही. तिला विचारतो, मांजरेला पाणी किती आहे. आणि अण्णांना सांगतो, सोयाबीन काढणीला आलं आणि बंगालच्या उपसागरात वादळ झालं की दोन दिवस आधीच काढून झाकून ठेवा. ते म्हणतात, "मजूर कुठून आणू, तुझ्या समुद्रातून?"

याचं उत्तर वॉकरसाहेबांकडेही नसावं.